राजवाडा, दिवाळीची खरेदी आणि दोन पोरं: यंदा कसं जमवायचं?

पोह्यावर_शेव (सोमवार, रात्री ११.१०)

पोरं आत्ता कुठे झोपली, तेवढ्यात लिहून घेते.

दिवाळी तोंडावर आली आणि आमच्या घरी दरवर्षीचा वाद सुरू झाला. सासूबाईंचं म्हणणं, दिवाळीची खरेदी म्हणजे सगळ्यांनी मिळून राजवाड्याला, म्हणजे इंदूरच्या जुन्या होळकर वाड्याभोवतीच्या बाजारात, जायचं. नवऱ्याचं म्हणणं, गाडी चालवीन, पण दुकानात शिरणार नाही. मुलगा साडेसहा वर्षांचा, मुलगी नुकतीच तीन पूर्ण. राहतो सुदामानगरात. एरवी राजवाडा काही लांब नाही, पण दिवाळीच्या आठवड्यात तेवढीच वाट काशीयात्रा होते.

गेल्या वर्षीचं सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल. शीतलामाता बाजारातलं एक साड्यांचं दुकान. पांढरीशुभ्र गादी, मी आणि सासूबाई मांडी घालून बसलेल्या, पुढ्यात वीसेक साड्या उलगडलेल्या. नणंदेसाठी महेश्वरी बघत होतो. धाकटीचं डायपर नुकतंच सुटलं होतं आणि मी मोठ्या ऐटीत तिला नुसत्या चड्डीवर नेलेलं. ती शांत बसली होती. इतकी शांत, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. दुकानातला माणूस एवढंच म्हणाला, "भाभीजी, जरा बच्ची को..." आणि पुढचं त्याला बोलावं लागलं नाही. महेश्वरी वाचली, शेजारची चंदेरी नाही वाचली. ती अर्थात आम्हीच घेतली. धुऊन, इस्त्री करून कपाटात आहे. कोणी नेसत नाही. घरात तिचं नावच 'धाकटीची चंदेरी' पडलंय.

यंदाची यादी: नणंदेची साडी (पुन्हा), दोघा पोरांचे कपडे आणि जोडे, कंदील, पणत्या, रांगोळी, लाह्या-बत्तासे, थोडे फटाके, आणि सासूबाईंना बर्तन बाजारातून 'काहीतरी'. काय ते त्या सांगत नाहीत.

ज्यांनी लहान पोरांना घेऊन हे निभावलंय त्यांनी सांगा, कधी जायचं, कुठून सुरुवात करायची, काय टाळायचं. 'ऑनलाइन मागव' हे कृपया कोणी लिहू नका, ते मला नवरा रोज सांगतो.

कट्टर_घरबसल्या (सोमवार, रात्री ११.२५)

ऑनलाइन मागव.

पोह्यावर_शेव (सोमवार, रात्री ११.२६)

अहो, हे तुम्हीच आहात का? बाहेरच्या खोलीतून लिहिताय का?

जुनी_इंदुरी (मंगळवार, सकाळी ७.५०)

हसून हसून पुरेवाट! चंदेरी!

माझं सरळ मत: तीन वर्षांच्या पोराला साड्यांच्या दुकानात न्यायचंच नाही. त्यात त्याची चूक नाही आणि आपलीही नाही. गादीवर दीड तास बसणं मलाच जमत नाही, पाय मुंग्या येऊन झोपतात. शेजारी, मावशी, आत्या, कोणाकडेही दोन तास सोडा. तुमच्या सासूबाईंना 'सगळ्यांनी मिळून' हवंय ना, मग सगळ्यांनी मिळून जाण्याची वेगळी एक फेरी करा, साडीची वेगळी.

विजयनगरवाला (मंगळवार, सकाळी ९.१५)

मॉलला जा की. एसी आहे, लिफ्ट आहे, स्वच्छ टॉयलेट आहे, गाडी खाली लावता येते. मुलांना खेळायला कोपरा असतो. आमची दिवाळी गेली चार वर्षं तिथेच होते आणि कोणाच्या साडीला काही होत नाही.

पोह्यावर_शेव (मंगळवार, सकाळी ९.४०)

भिया, मॉलमध्ये लाह्या-बत्तासे कुठे मिळतात? आणि मागच्या वेळी त्या खेळायच्या कोपऱ्यातून धाकटीला बाहेर काढायला आम्हा दोघांना पाऊण तास लागला. शिवाय अर्ध्या तासाचे पैसे दोनदा भरले ते वेगळंच.

अवंतिकेची_आई (मंगळवार, दुपारी १.३०)

माझ्याकडे जुळे आहेत, आता आठ वर्षांचे. त्यामुळे या विषयात माझी पीएचडी समजा. मोठं लिहिते, चालवून घ्या.

पहिलं, दिवस. वसुबारसेच्या आधीचा आठवडा, त्यातही आडवार. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी राजवाड्याच्या चौकात लहान पोर घेऊन उभं राहणं म्हणजे आपल्यालाच शिक्षा. त्या दिवशी बर्तन बाजारात आणि सराफ्यात माणूस चालत नाही, गर्दी त्याला चालवते.

दुसरं, वेळ. पोरांना घरून पोटभर जेवू घालून अकराच्या सुमारास पोचायचं, दुकानं नुकती उघडत असतात. दुकानदार ताजा, पोरं ताजी, आपण ताजे. दीडपर्यंत बाहेर. चारनंतरची फेरी माझ्या मते फक्त नवरा-बायकोंची, आणि तिचा शेवट सराफ्यात. सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावर तिथे खाण्याच्या गाड्या लागतात, तोवर पोरांची झोपायची वेळ टळून गेलेली असते. भुट्ट्याचा कीस त्यांच्यासाठी घरी आणा. (गराडू, म्हणजे तळलेला कंद, मात्र तिथेच उभं राहून खायचं, गार झालं की मजा गेली.)

तिसरं, आणि हेच खरं: कपडे आणि जोडे यांना पोर सोबत लागत नाही. घरातला जो कुर्ता आत्ता नीट बसतो तो पिशवीत घालून न्या, त्यावरून एक माप मोठं घ्या. पायासाठी जाड पुठ्ठ्यावर पोराला उभं करून पेन्सिलीने पाऊल आखून घ्या, संध्याकाळी, कारण दिवसभर खेळून पाय थोडे फुगलेले असतात. पुठ्ठा कापून दुकानात जोड्याच्या आत सरकवून बघायचा, पुढे अंगठाभर जागा उरली की झालं. माझे दोघे कपडे घालून बघायला भर दुकानात उघडे व्हायचे आणि तसेच पळायचे, तेव्हा सुचलेली ही युक्ती आहे.

पोरांना सोबत न्यायचं ते पणत्या, रांगोळी, कंदील, लाह्या-बत्तासे यांसाठी. या वस्तूंना हात लावला तरी कोणी रागवत नाही, फुटलं तर दहा-वीस रुपयांचा प्रश्न, आणि पोरांना निवडायला मिळतं.

गाडी राजवाड्यापर्यंत नेऊच नका. सुभाष चौकाच्या बहुमजली पार्किंगमध्ये जागा मिळाली तर उत्तम, नाहीतर आणखी लांब लावून ई-रिक्शा. माझ्या पोरांना अख्ख्या दिवाळीत सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ई-रिक्शात उलटं तोंड करून बसणं.

खिशात चिठ्ठी: आईचा नंबर, बाबांचा नंबर. नाव लिहू नका, अनोळखी माणूस नावाने हाक मारतो आणि पोर जातं. निघताना घराच्या दारात दोघांचा फोटो काढायचा, म्हणजे आज काय घातलंय ते आठवावं लागत नाही. आणि हरवलास तर हलायचं नाही, जिथे आहेस तिथेच थांबायचं, हे घरी दोनदा वदवून घ्या.

हो, आणि घरून निघताना दोघांनाही बाथरूमला. 'नाही आली' म्हणाले तरी.

जुनी_इंदुरी (मंगळवार, दुपारी १.५२)

पुठ्ठ्याला शंभर पैकी शंभर. शेवटच्या ओळीला दोनशे.

रामबागचे_काका (मंगळवार, रात्री ८.२०)

तुम्हा मंडळींचं नियोजन वाचून छाती दडपली. आम्हाला आमचे आजोबा न्यायचे, पाच नातवंडं एका वेळी. नियम एकच, ज्याने त्याने पुढच्याच्या सदऱ्याचं टोक धरायचं. पहिल्याने आजोबांच्या धोतराचा सोगा. अशी आगगाडी रामबागेतून निघून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून, म्हणजे होळकरांच्या समाध्यांवरून, राजवाड्याला यायची. वाटेत कोणी टोक सोडलं तर सगळी गाडी थांबे आणि त्याला शेवटचा डबा करत. शेवटचा डबा व्हायला कोणी तयार नसे, म्हणून कोणी हरवलं नाही.

आजोबा खरेदी करत तोवर आम्हाला राजवाड्यासमोर उभं करून मजले मोजायला लावत. सात. खालचे तीन दगडाचे, वरचे चार लाकडाचे. जो 'लाकूड कुठून सुरू होतं' ते बरोबर दाखवी त्याला आधी बत्तासा. १९८४ च्या दंगलीत आतला भाग जळाला, पुढे होळकरांच्या वंशजांनी २००७ मध्ये तो पुन्हा उभारून घेतला. पण पुढचा दरवाजा तोच, त्यामुळे मी माझ्या नातीलाही तिथेच उभं करून मोजायला लावलं. तिने मोजून सांगितलं, 'आबा, लिफ्ट नाहीये.'

आणि आम्हाला प्रत्येकी चार आणे मिळत. स्वतःच्या मर्जीने खर्च करायचे, घरी येऊन हिशेब द्यायचा नाही. त्या चार आण्यांचं मी जे जे घेतलं ते सगळं आजही आठवतं. आईबाबांनी घेतलेले कपडे एकही आठवत नाहीत.

बडोद्याची_माहेरवाशीण (मंगळवार, रात्री ९.०५)

काका, चार आण्यांची आमच्याकडची नवी आवृत्ती: दहाच्या दहा नोटा. शंभराची एक नोट दिली तर पोर ती आपल्यालाच परत देतं आणि 'मोठी गाडी घे' म्हणतं. दहा नोटा दिल्या की एकेक सुटताना दिसते, मग ते थांबतं. माझ्या लेकाने पहिल्या वर्षी पहिल्याच गाडीवर सहा नोटांची एक शिट्टी घेतली. पुढे सगळी गल्ली तो ती शिट्टी वाजवत रडत चालला, कारण त्याला भोवरा दिसला होता आणि चारच नोटा उरल्या होत्या. मी भोवरा घेऊन दिला नाही. सासर-माहेर दोन्हीकडून बोलणी खाल्ली.

जुनी_इंदुरी (मंगळवार, रात्री ९.१८)

मी घेऊन दिला असता. सणासुदीला रडतं पोर बघवत नाही हो. अर्थशास्त्र शिकायला उरलेले अकरा महिने आहेत.

बडोद्याची_माहेरवाशीण (मंगळवार, रात्री ९.३०)

दुसऱ्या वर्षी त्याने आधी पूर्ण गल्ली फिरून घेतली आणि परत येताना घेतलं. पण तुमचंही पटतं. त्या रात्री मलाच झोप आली नव्हती.

पुण्यात_पडलेली (बुधवार, सकाळी १०.००)

भाबडा प्रश्न: लाह्या-बत्तासे एवढे का महत्त्वाचे? आम्ही पुण्यात वाण्याकडून एक पुडी आणतो आणि विसरतो. आणि 'भिया' म्हणजे भय्या का?

पोह्यावर_शेव (बुधवार, सकाळी १०.१५)

भिया म्हणजे भियाच. त्याला दुसरा शब्द नाही, आम्ही तो घरात मराठी बोलतानाही वापरतो. माझी आत्या तर 'मी येऊन राहिली आहे' म्हणते आणि पुण्याचे पाहुणे आले की फक्त तेवढ्यापुरतं 'येतेय' करते.

लाह्या म्हणजे साळीच्या, इथे त्यांना खील म्हणतात. लक्ष्मीपूजनाला त्या, बत्तासे आणि साखरेची हत्ती-घोड्यांची खेळणी. दिवाळीत बाजारात त्याचे ढीगच्या ढीग लागतात, पोरांच्या उंचीचे. माझा मुलगा साखरेचा हत्ती खात नाही, पाळतो. गेल्या वर्षीचा मुंग्यांनी नेला तेव्हा त्याने एक वेळ जेवण सोडलं होतं.

स्टेथोवाली (बुधवार, दुपारी ३.४०)

बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं कडू लिहिते.

गल्लीतल्या गाडीवरची दिव्यांची खेळणी, चमकणाऱ्या अंगठ्या, वाजणारी गाडी: आत चपटी गोल बॅटरी असते. तिचं झाकण स्क्रूने बंद नसेल, नखाने उघडत असेल, तर घेऊ नका. तीन वर्षांचं पोर ती गिळतं आणि घशात अडकली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. गिळल्याची नुसती शंका जरी आली, तरी उलटी काढायचा प्रयत्न न करता, सकाळची वाट न पाहता, तडक मोठ्या रुग्णालयात. जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. गाडीवर ते दिसणार नाही. दुकानात दिसलं तर त्याच्याजवळचा लायसन्स क्रमांक 'बीआयएस केअर' या अ‍ॅपवर टाकून बघता येतो.

फटाके. पोरांना निरुपद्रवी म्हणून आपण नागगोळी देतो ना, ती काळी गोळी, जिच्यातून साप निघतो? पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये पोरांच्या आवडत्या फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सूक्ष्म कणांत तीच सर्वांत वर निघाली. फुलबाजी, लवंगी माळ, सगळ्यांच्या वर. आणि फुलबाजीची तार विझल्यावरही किती वेळ तापलेली असते ते अनवाणी पायांना विचारा. दिवाळीच्या रात्री भाजून येणाऱ्या पोरांत बॉम्बवाले कमी, विझलेली तार तुडवलेले जास्त, हा माझा अनुभव. पाण्याची बादली ठेवा, तारा त्यातच टाका. पायात बंद जोडे, अंगात सुती कपडे. घेरदार नायलॉनचा लेहंगा भाऊबिजेला घाला, पणत्यांच्या रात्री नको.

माळा घेऊ नका. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोडलेल्या माळांवर बंदी घातली आणि दिवाळीच्या रात्री फटाक्यांना आठ ते दहा एवढीच वेळ दिली. हरित फटाक्याच्या खोक्यावर नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेचं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो, तो बघून घ्या. हरित म्हणजे धूर नाही असं नव्हे, कमी एवढंच.

कट्टर_घरबसल्या (बुधवार, दुपारी ४.०२)

म्हणजे घरी बसा हाच सल्ला ना डॉक्टर?

स्टेथोवाली (बुधवार, दुपारी ४.१०)

नाही. माझी लेक पाच वर्षांची आहे, रविवारी आम्हीही राजवाड्यालाच आहोत. खिशात चिठ्ठी, पिशवीत जादा चड्डी.

विजयनगरवाला (बुधवार, संध्याकाळी ६.३०)

जाता जाता, कंदील कुठे चांगले मिळतात? बायकोला तो कागदी, खाली झिरमिळ्या असलेला, मराठी पद्धतीचाच हवाय. मॉलमध्ये सगळे प्लास्टिकचे चिनी तारे.

जुनी_इंदुरी (बुधवार, संध्याकाळी ६.४५)

आले का राजवाड्याला! घरीच करा. खजुरी बाजारातून पतंगी कागद आणि कामट्या आणा. वह्या-पुस्तकांच्या दुकानांत पोरं शांत राहतात, हाही एक फायदा. आमचा कंदील दरवर्षी वाकडा होतो. शेजारच्या अगरवाल काकू दरवर्षी विचारतात, 'ये ऐसा ही होता है क्या?' मी हो म्हणते.

पोह्यावर_शेव (शनिवार, रात्री १०.५०)

जाऊन आलो! वृत्तांत लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

तुमचं ऐकून दोन फेऱ्या केल्या. गुरुवारी मी एकटीच, पिशवीत दोन कुर्ते आणि दोन पुठ्ठे. जोड्यांच्या दुकानातल्या पोराने पुठ्ठा हातात धरून विचारलं, 'दीदी, ये क्या है?' म्हटलं, पाय आहे. साडेबाराला सगळं आटोपलं, नणंदेची महेश्वरीसकट. गादीवर एकटी बसून, दुसऱ्याचा चहा पिऊन साडी निवडण्यात काय सुख आहे हे मला आठ वर्षांनी पुन्हा कळलं.

आज सगळ्यांनी मिळून. अकरा दहाला ई-रिक्शात. चिठ्ठ्या खिशात, फोटो दारात, बाथरूमला दोनदा. मुलाला दहाच्या दहा नोटा, धाकटीला दोन. राजवाड्यासमोर उभं राहून मजले मोजले. काका, धाकटीला तीनपर्यंतच येतं, त्यामुळे तिचं दगडापर्यंत बरोबर आलं.

पणत्यांच्या पाटीपाशी मुलगा उकिडवा बसला आणि एकेक पणती उचलून कानाशी वाजवून बघायला लागला. हे त्याला कोणी शिकवलं माहीत नाही. भद्द वाजली की खाली, खणखणीत वाजली की बाजूला. मला वाटलं बाई ओरडेल. ती म्हणाली, 'देख ले भिया, देख ले, आराम से देख.' वीस मिनिटांत त्याने एकवीस निवडल्या, आणि स्वतःच्या नोटांतल्या चार काढून तिला दिल्या. मी पैसे पुढे केले तर माझा हात बाजूला सारला. उरलेल्या सहांतून एक साखरेचा हत्ती आणि एक घोडा. हत्तीला सोबत म्हणून. धाकटीने तिच्या दोन्ही नोटा एका फुग्याला दिल्या, फुगा कोपऱ्यावर फुटला, आणि जुनी_इंदुरी, मी लगेच दुसरा घेऊन दिला. बडोदेकरीण, माफी.

आता खरी गंमत. पाऊण वाजता मोजदाद केली तर पोरं दोन, नवरा एक, आणि सासूबाई नाहीत. फोन त्यांच्या पर्समध्ये, पर्स माझ्या खांद्याला. नवऱ्याने डावी गल्ली धरली, मी उजवी, कुठेच नाहीत. शेवटी मुलगाच म्हणाला, 'आजी हलली कशाला? हरवल्यावर हलायचं नसतं.' मग म्हणाला, 'ती भांड्यांकडे असेल.' बर्तन बाजारात तिसऱ्या दुकानाच्या पायरीवर सासूबाई बसलेल्या, मांडीत तांब्याचं तपेलं, दुकानदाराशी वजनावरून हुज्जत चाललेली. त्यांच्या लेखी हरवलो होतो ते आम्ही. 'कुठे होतात इतका वेळ? ह्याला पैसे द्या,' म्हणाल्या.

पुढच्या वर्षी तिसरी चिठ्ठी.

अवंतिकेची_आई (शनिवार, रात्री ११.०५)

आणि तिसरा फोटो दारात!

स्टेथोवाली (शनिवार, रात्री ११.१२)

पणत्या वाजवून बघणं मी उद्या करणार. लेकीला शिकवते आत्ताच.

रामबागचे_काका (रविवार, सकाळी ६.३०)

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या आमच्या आगगाडीचं इंजिन शोभल्या असत्या. तपेलं कसं किलो पडलं?

पोह्यावर_शेव (रविवार, सकाळी ८.१०)

काका, घरची एक फुटकी पितळी परात त्यांनी आदल्या दिवशीच नवऱ्याच्या गाडीच्या डिकीत लपवली होती. ती मोडीत दिली. दुकानदाराने हिशेब केला, यांनी त्याचा हिशेब खोडून आपला केला. कसं किलो पडलं ते विचारू नका. मी तीनदा विचारलं, त्या म्हणतात, 'तुला चंदेरी केवढ्याला पडली ते मी विचारलं होतं का?'